श्रेडरची धार गेली नाहीये, तो कोरडा पडलाय

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या ऑफिसात वापरायला घेतलेला मायक्रो-कट श्रेडर, म्हणजे कागदाचे अगदी बारीक तुकडे करणारं मशीन, वय जेमतेम आठ-नऊ महिने, सुरुवातीला आठ कागद एका दमात घ्यायचा, आता चार टाकले की कण्हतो, पाच टाकले की अडकतो आणि बारीक तुकड्यांऐवजी मधूनच अर्धवट कापलेल्या लांब माळा खाली पडतात. तर ब्लेडची धार गेली का, नवीन ब्लेड टाकून घ्यावीत का, आणि ओळखीच्या कोणीतरी डब्ल्यूडी-४० हा गंज सोडवायचा स्प्रे मारायला सांगितलंय ते मारू का. उत्तरं अनुक्रमे नाही, नाही आणि अजिबात नाही.

मी गेली सतरा-अठरा वर्षं ऑफिसातली मशीनं दुरुस्त करतोय, प्रिंटर, लॅमिनेटर, स्पायरल बाइंडिंगवाली आणि श्रेडर. "धार गेली" म्हणून माझ्या टेबलावर जे श्रेडर येतात त्यातले बहुतेक धारेला ठणठणीत असतात हो. त्यांना जन्मात कधी तेल मिळालेलं नसतं एवढंच. खोक्यात एक छोटी बाटली किंवा दोन ऑइल शीट आलेल्या असतात, त्या वॉरंटी कार्डाबरोबर ड्रॉवरमध्ये पडून. मग आठ महिन्यांनी ब्लेडवर खापर. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात तसला प्रकार.

आत काय चालतं ते एकदा समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. तोंडाच्या फटीखाली दोन शाफ्ट असतात, एकमेकांच्या उलट फिरणारे, त्यांच्यावर पोलादी चकत्या ओवलेल्या, ह्याच तुमची ब्लेड. एका शाफ्टची चकती समोरच्याच्या दोन चकत्यांच्या मधल्या फटीत शिरते, कात्रीची दोन पाती घासून जातात तसं, आणि कागद कापला जातो. स्ट्रिप-कटमध्ये नुसत्या उभ्या पट्ट्या पडतात, क्रॉस-कट आणि मायक्रो-कटच्या चकत्यांना कडेला दाते असतात ते आडवा तुकडाही पाडतात. आता महत्त्वाचं, दोन चकत्यांच्या मध्ये एकेक फणी बसवलेली असते, प्लास्टिकची नाहीतर पत्र्याची, तिचं काम एवढंच की कापलेला कागद चकतीला चिकटून गोल फिरत परत वर येऊ नये, खरवडून खाली डब्यात पाडायचा. बिघाड सुरू होतो तो ह्या फणी आणि चकतीच्या मधल्या जागेत.

कारण कागद म्हणजे नुसता लाकडाचा लगदा नसतो. पांढराशुभ्र आणि गुळगुळीत दिसावा म्हणून त्यात खडूसारखी पूड घातलेली असते, कॅल्शियम कार्बोनेट, कधी चिनी मातीच्या जातीची केओलिन. कापताना ही पूड आणि कागदाचे बारीक तंतू मिळून भुसा होतो. तो कोरडा असेल तर फणीच्या मागे साठत जातो, वरून चकती फिरत राहते आणि त्याला दाबत राहते, दाबत राहते. एकदा असंच एक मशीन उघडून मी चिमट्याने आतून एक तुकडा बाहेर ओढला होता, अर्धगोल, करडा, पुठ्ठ्याइतका कडक, नखाने दाबला तरी वाकेना आणि आतल्या बाजूला चकतीच्या दात्यांचे ठसे असे उमटलेले की साच्यातून काढलाय. असे तीस-चाळीस अर्धगोल त्या मशीनमध्ये होते. मोटरची निम्मी ताकद कागद कापण्यात नाही, हे पुठ्ठे घासण्यात जात होती. आणि भुसा चकत्यांच्या मध्ये घुसला की त्यांना थोडं थोडं बाजूला रेटतो, मग दात्यांचा आडवा काप पूर्ण होत नाही, तुकडे एकमेकांना लटकून माळा पडतात. तुमच्याकडे नेमकं हेच चाललंय.

म्हणजे तेल धार लावण्यासाठी नसतं. तेल घासण कमी करतं, मशीन पडून राहिलं तर गंज धरू देत नाही, पण सगळ्यात मोठं काम म्हणजे भुशाला ओलसर, मऊ आणि निसटता ठेवतं, तो जागेवर दाबून बसत नाही, पुढच्या कागदाबरोबर खाली पडतो. हे डोक्यात बसलं की तेल कधी घालायचं, किती घालायचं ह्याचा गोंधळ राहत नाही.

मायक्रो-कटला हा त्रास लवकर का, तर हिशोब करून बघा. एक ए-४ कागद म्हणजे २१० गुणिले २९७, साधारण ६२ हजार चौरस मिलिमीटर. सहा मिलिमीटरच्या पट्ट्या पाडणाऱ्या स्ट्रिप-कटमधून त्याच्या पस्तीस पट्ट्या होतात. श्रेडरच्या खोक्यावर पी-४, पी-५ असं लिहिलेलं असतं, ती तुकडे किती बारीक पडतात त्याची जर्मनीच्या डीआयएन ६६३९९ ह्या मानकातली पातळी आहे. पी-४ म्हणजे एक तुकडा १६० चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा नको, उदाहरणार्थ ४ बाय ४०, त्यात एका कागदाचे चारशेच्या आसपास तुकडे होतात. पी-५, बरेच मायक्रो-कट ह्यात येतात, म्हणजे ३० चौरस मिलिमीटर, २ बाय १५, म्हणजे दोन हजारांच्या वर तुकडे, एका कागदाचे! जेवढे काप तेवढी घासण, तेवढा भुसा, आणि चकत्याही जास्त आणि पातळ. तेव्हा शेजारच्या ऑफिसातला स्ट्रिप-कट दहा वर्षं तेलाशिवाय चाललाय हे उदाहरण तुमच्या मशीनला लागू नाही, त्याचं दुखणंच वेगळं.

आता तेल कुठलं.

सगळ्यात आधी डब्ल्यूडी-४० आणि तसल्या सगळ्या स्प्रेचा विषय संपवू. कुठलाही स्प्रेचा कॅन, म्हणजे तेलाचा असो, क्लीनर असो, धूळ उडवायचा हवेचा डबा असो, श्रेडरच्या तोंडात मारायचा नाही. बऱ्याच कॅनमध्ये फवारा बाहेर ढकलायला जो वायू भरलेला असतो तो ज्वालाग्राही असतो. तो वायू श्रेडरच्या पोटात साठतो, जागा बंदिस्त, आत भर म्हणून कोरडा कागदाचा भुसा, आणि लहान श्रेडरच्या मोटरला बहुतेक वेळा कार्बन ब्रश असतात, फिरत्या भागाला वीज पोचवणारे, फिरताना त्यांच्या टोकाला ठिणग्या पडतातच, बिघाड नसला तरी पडतात. स्प्रे मारून बटण दाबलं आणि तोंडातून भपकन जाळ आला असं होऊ शकतं. श्रेडरच्या झाकणावर स्प्रेच्या डब्यावर फुली मारलेलं चित्र असतं ना, ते त्यासाठीच. शिवाय जाळाचं सोडा, त्यातलं द्रव बरंचसं उडून जातं, मागे राहतो तो पातळ थर, दोन दिवसांत मशीन पुन्हा कोरडं. म्हणजे धोका पत्करून मिळालं काय तर काही नाही.

श्रेडर ऑइल म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा वनस्पती तेलच असतं, कॅनोलासारखं, लवकर खराब होऊ नये म्हणून त्यात काहीबाही घातलेलं. हे कळलं की लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला, मग स्वयंपाकघरातलंच घालू का? एखाद्या वेळी मशीन अडलंय, हातात दुसरं काही नाही आणि काम आजच व्हायला हवंय, तर पातळ स्वयंपाकाच्या तेलाच्या चार थेंबांनी मशीन मरत नाही. पण रोजच्याला नको. हवेतला ऑक्सिजन लागून ते हळूहळू घट्ट होतं, कढईच्या कडेला जुन्या तेलाचा चिकट पिवळा थर बसतो तो आठवा, तोच थर चकत्यांवर बसतो आणि मग भुसा निसटायच्या ऐवजी त्यालाच चिकटतो. जवस तेल तर अजिबातच नाही, ते वाळून वार्निशसारखं कडक होण्यासाठीच प्रसिद्ध आहे. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठतं, एसी लावलेल्या खोलीत त्याचा मेण होणार. शिलाई मशीनचं तेल विचारतात बरेच जण, पातळ आहे, चिकट थर धरत नाही, मी स्वतः पूर्ण धातूच्या जुन्या मशीनमध्ये वापरलंय, पण काही कंपन्या पेट्रोलियमवालं तेल नकोच म्हणतात, वॉरंटी चालू असेल तर पुस्तिकेत काय लिहिलंय तेच घाला, उगाच भांडायला जागा ठेवू नका. इंजिन ऑइल आणि ग्रीस कटरवर कधीच नाही, ग्रीसवर भुसा असा बसतो की मग ते काढायला रॉकेलच्या आंघोळी घालायची वेळ येते आणि त्या तर घालायच्याच नाहीत.

तेल घालायच्या पद्धती दोन. कागदावरची पद्धत सोपी आणि स्वच्छ, नवीन माणसाला मी तीच सांगतो. एक कोरा कागद घ्या, त्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नागमोडी तेलाची रेघ ओढा, अगदी कडेच्या एक सेंटिमीटरपर्यंत पोचली पाहिजे कारण सगळ्यात जास्त भुसा दोन्ही टोकांच्या चकत्यांत बसतो, तिथे कागद कमी जातो त्यामुळे तो बाहेर ढकलायलाही कोणी नसतं. कागद निथळत असेल तर जास्त झालं. टाका मशीनमध्ये, संपला की रिव्हर्स दोन-तीन सेकंद दाबा, मग एक कोरा कागद टाकून जादा तेल टिपून घ्या. झालं.

दुसरी पद्धत थेट. मशीन बंद, प्लग काढलेला, बाटलीला लांब नळीसारखं तोंड असेल तर उत्तम, फटीच्या आडवं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारीक धार सोडत जायचं, मधला सेन्सर सोडून, त्याचं पुढे सांगतो. मग प्लग लावून रिव्हर्स तीन सेकंद, पुढे तीन सेकंद, असं चार-पाच वेळा. रिव्हर्समध्ये का, तर उलटं फिरताना तेल चकत्यांच्या वरच्या अंगावरून फणीच्या मागे पोचतं, नुसतं पुढे फिरवलं की निम्मं तेल सरळ डब्यात. ए-४ च्या मशीनला एका वेळी अर्धा-पाऊण चमचा पुरतं. काही लोक अर्धी बाटली ओततात आणि मग खाली फरशीवर तेलाचं थारोळं, अति तिथे माती.

ऑइल शीट नावाचे बंद पाकिटासारखे कागद मिळतात, आत तेल असतं, ते न उघडता तसंच टाकायचं असतं. हात बरबटत नाहीत हे खरं. पण बरीचशी पाकिटं ए-४ पेक्षा लहान असतात, मधल्या चकत्यांना तेल मिळतं आणि टोकं कोरडीच राहतात. वापरत असाल तर एक डावीकडे सरकवून आणि एक उजवीकडे सरकवून टाका, सेन्सरला कळायला मध्ये एखादी कागदाची पट्टी बरोबर धरा.

किती दिवसांनी घालायचं? दिवसांवर नसतं ते. डबा रिकामा केला की तेल, एवढा एकच नियम धरा, मायक्रो-कट असेल तर डबा अर्धा भरला की एकदा आणि रिकामा केला की एकदा. गठ्ठा मोठा असेल, वर्षभराच्या फायली काढल्यात आणि अर्धा तास मशीन चाललंय, तर मध्येच थांबून एकदा घाला. मशीन महिनोन्‌महिने पडून असेल तर परत सुरू करताना आधी तेल, मग कागद. मोठ्या मशीनना आत तेलाची टाकी आणि पंप असतो, ते आपलं आपण घेतं, तिथे टाकी रिकामी नाही ना एवढंच बघायचं, आणि नेमकं तेच कोणी बघत नाही.

आता तुमच्या मशीनला मात्र एवढ्याने भागणार नाही, आत पुठ्ठे बसलेत, ते आधी काढायला हवेत. असं करा. प्लग काढा, नुसतं बटण बंद करून नाही, प्लगच. डबा रिकामा करा. वरचं डोकं सुटं निघत असेल तर ते उलटं करून वर्तमानपत्रावर हलक्या हाताने आपटा, कोरडा भुसा पडेल तेवढा पडू दे, जुना रंगाचा ब्रश घेऊन खालच्या बाजूने चकत्या झाडा, लटकलेल्या माळा लांब चिमट्याने ओढून काढा. बोटं नको, मशीन बंद असलं तरी नको, त्या दात्यांना हात नुसता घासला तरी कातडं निघतं, माझ्या अंगठ्यावर आहे ती खूण अजून. हे सगळं तेल घालायच्या आधी करायचं, तेल घातल्यावर डोकं उलटं करू नका, एका बाजूला मोटर असते आणि तेल ओघळून तिच्यात गेलं तर आगीतून फुफाट्यात.

मग डोकं डब्यावर नीट बसवून थेट पद्धतीने तेल, नेहमीपेक्षा थोडं जास्त, टोकांना विशेष. रिव्हर्स, पुढे, रिव्हर्स, पुढे. आणि आता अर्धा तास हात लावू नका, रात्रभर ठेवलंत तर अजून चांगलं, तेल त्या घट्ट बसलेल्या भुशात मुरायला वेळ लागतो. नंतर एक-एक कागद टाकत जा, सुरुवातीला आवाज भरडल्यासारखा येईल आणि खाली काळपट ओलसर गोळे पडतील, घाबरू नका, तेच पडायला हवेत. पाच-सहा कागद झाले की एक जाडसर कागद टाका, जुन्या फाईलच्या पातळ कव्हरचा एक थर, किंवा ग्रीटिंग कार्डाचा एक पापुद्रा, जाड कागद आत शिरताना फटीतला भुसा रेटत खाली नेतो, नुसत्या पातळ कागदाला ते जमत नाही. परत तेल, परत थांबा, परत कागद. असे तीन फेरे धरून चाला. पहिल्या फेऱ्यात काहीच फरक वाटत नाही, दुसऱ्यात आवाज बदलतो, कण्हणं कमी होऊन जरा खर्जात गुणगुणायला लागतं, आणि तिसऱ्याला चाराचे सहा कागद व्हायला हवेत.

सेन्सरचं सांगायचं राहिलं. फटीच्या बरोबर मध्ये, समोरासमोरच्या भिंतींवर दोन छोटे ठिपके असतात, टॉर्च मारला की दिसतात. एकातून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश निघतो, समोरचा तो पकडतो, मध्ये कागद आला की प्रकाश अडतो आणि मोटर सुरू होते. म्हणून तर लहान पावती कडेने टाकली की मशीन ढिम्म हलत नाही आणि मध्ये टाकली की घेतं. त्या ठिपक्यावर तेल किंवा भुसा बसला की मशीनला वाटतं कागद आहेच, मग ते फिरतच राहतं. काही मशीनमध्ये उलटंही होतं, सुरूच होत नाही. मी नवीन असताना एका ऑफिसात जाऊन मोठ्या ऐटीत श्रेडरला तेल पाजलं, नेमकं मधोमध, आणि चहा पिऊन खाली उतरतो न उतरतो तोच वरून बोलावणं, मशीन थांबतच नाहीये. कानाचं कापूस-काडीचं टोक आणि थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन मिनिटांचं काम, पण चेहरा लाल व्हायचा तो झालाच. तुम्ही पुसाल तेव्हा प्लग काढलेला असू दे आणि अल्कोहोल पूर्ण उडून जाईपर्यंत पाच-दहा मिनिटं थांबून मग लावा, ते पण ज्वालाग्राहीच आहे.

काही वेळा तेलाचा काहीच संबंध नसतो, मशीन नुसतं तापलेलं असतं. घरगुती श्रेडरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, तीन मिनिटं चालवा, तीस मिनिटं थांबा, असं काहीतरी, आकडे मशीनप्रमाणे बदलतात. लोकांना वाटतं कंपनी उगाच घाबरवते. अहो, ती मोटर लहान आहे, बंद डब्यात आहे, तिला वारा मिळत नाही. आत थर्मल कट-ऑफ असतो तो ठरावीक तापमानाला सर्किट तोडतो, गार झाल्यावर परत जोडतो, तेवढ्या वेळात लोक मशीन बिघडलं म्हणून मला फोन करतात. आणि हा कट-ऑफ रोज रोज उडवणं म्हणजे मोटरच्या वाइंडिंगचं, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांचं, वार्निश रोज थोडं थोडं भाजणं. श्रेडरला मर्यादा असते ती कशी, ते एका उदाहरणाने सांगतो. १९८९ मध्ये पूर्व जर्मनीतली राजवट कोसळताना तिथल्या स्टासी ह्या गुप्त पोलिसांनी फायली नष्ट करायला घेतल्या तेव्हा कागद एवढा होता की श्रेडर पुरे पडेनात, शेवटी माणसं बसवून हाताने कागद फाडले, त्या तुकड्यांची सोळा हजारांच्या आसपास पोती नंतर सापडली आणि ती जुळवायचं काम पुढे कित्येक वर्षं चाललं. तर तुमच्या तीन मिनिटांच्या मशीनकडून तीन वर्षांची बिलं एका दुपारी अपेक्षू नका.

कागदांचा आकडाही जरा समजून घ्या. खोक्यावर आठ लिहिलंय ते नव्या कोऱ्या, कोरड्या, ७० नाहीतर ८० जीएसएमच्या (एक चौरस मीटर कागदाचं वजन इतके ग्रॅम) कागदाचे आठ, मशीन नवीन, ब्लेड तेल लावलेली. घडी घातलेलं पत्र म्हणजे दोन-तीन कागद झाले, दमट हवेतला कागद जड होतो आणि चिवटही. आठ लिहिलं असेल तर पाच-सहाच टाकायचे, हा माझा नियम, त्याने वेळ फार जात नाही आणि गिअर वाचतात.

काय टाकायचं नाही, तर माझा पहिला शत्रू स्टेपलची पिन नाही, डिंक आहे. पिना बहुतेक मशीन खातात, बारीक पोलादी तार ती, तरी गठ्ठ्याच्या कोपऱ्यात पाच-पाच असतील तर काढा. जेम क्लिप आणि बाइंडर क्लिप काढायच्याच. पण चिकट लेबलं, पाकिटाची गमाची पट्टी, टेप लावलेले कागद, चिकटवायच्या पिवळ्या चिठ्ठ्या, हे चकतीवर गम सोडतात, गमावर भुसा, भुशावर गम, आणि ते तेलानेही पटकन सुटत नाही. लॅमिनेट केलेलं काही नको, प्लास्टिक गरम होऊन ताणतं आणि शाफ्टभोवती गुंडाळतं. बँकेचं जुनं कार्ड मशीन घेत असेल तर एकेकच.

आता अशी दुखणी जी तेलाने बरी होणार नाहीत. मोटर फिरल्याचा आवाज येतोय पण चकत्या हलत नाहीत, किंवा प्रत्येक फेऱ्याला एकाच जागी टकटक होतंय, तर गिअरचा दात गेलाय, स्वस्त मशीनमध्ये गिअर नायलॉनचे असतात. बटण दाबल्यावर काहीच नाही, दिवाही नाही, तर आधी डबा नीट बसलाय का बघा, डब्यामागे छोटा मायक्रोस्विच असतो, तो दाबला गेला नाही की मशीन मेल्याचं सोंग घेतं, माझ्याकडे आलेल्या कितीतरी "बंद" मशीनना नुसता डबा ढकलायची गरज होती. जळका वास आणि फटीतून निळसर ठिणग्या दिसत असतील तर ब्रश संपलेत किंवा मोटर जायच्या वाटेवर आहे, प्लग काढून ठेवा.

आणि कटरचा ब्लॉक, म्हणजे शाफ्ट आणि चकत्यांचा अख्खा संच, घरी खोलू नका. मला माहितीय, यूट्यूबवर सोपं दिसतं. चकत्या, मधल्या वॉशर आणि फण्या एका ठरावीक क्रमाने ओवलेल्या असतात, मायक्रो-कटमध्ये दाते एकमेकांच्या मागे-पुढे ठराविक कोनात सरकवलेले असतात, एक चकती उलटी बसली की परत पहिल्यापासून. एकदा मी हट्टाने एक ब्लॉक पूर्ण सुटा केला होता, टेबलावर क्रमाने मांडून ठेवला, आणि कोणीतरी पंखा लावला, वॉशर पातळ, हलके, चार-पाच उडाले, मागे कुठे होते ते शेवटपर्यंत कळलं नाही. तो श्रेडर बदलून द्यावा लागला, माझ्या खिशातून. धार लावणं, ब्लेड बदलणं ह्या भानगडी घरगुती मशीनला परवडत नाहीत, नव्या ब्लॉकची किंमत आणि मजुरी धरली तर नवीन मशीन येतं, म्हणून सुरुवातीलाच नाही म्हटलं.

अजून एक, हे सगळं करताना गळ्यातली आयकार्डची दोरी, ओढणी, टाय, मोकळे केस फटीपासून लांब, खासकरून रिव्हर्स-पुढे करत वाकून बघताना. घरात लहान मूल असेल तर काम झालं की प्लग काढायचाच, ऑटोवर ठेवलेलं मशीन बोट आणि कागद ह्यात फरक करत नाही. डब्यात कोरडा भुसा उतू जाईपर्यंत भरू देऊ नका, वर आलेले तुकडे चकत्या परत वर ओढतात, आणि निम्मे जॅम तिथेच होतात.

तर आज संध्याकाळी झाडून, तेल घालून रात्रभर ठेवा, उद्या सकाळी एक-एक कागदाने सुरू करा. तिसऱ्या फेऱ्यानंतरही चारच्या वर जात नसेल तर प्लग काढून टॉर्चने दोन्ही टोकांच्या शेवटच्या चार-पाच चकत्या बघा, तिथे अजून करडा थर दिसत असेल तर चौथा फेरा करा, आणि चकत्या लख्ख दिसत असूनही मोटर दमत असेल तर मशीन वॉरंटीत आहे, सरळ परत द्या.